बोगद्यात हेडलाइट लावायचे ते मागच्या गाडीसाठी

भर दुपारची वेळ. मुंबईच्या किनारी रस्त्याचा प्रियदर्शनी पार्ककडून गिरगाव चौपाटीकडे जाणारा बोगदा. पुढे एक राखाडी गाडी चालली आहे. समोरून पाहणाऱ्याला तिचे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप पेटणारे छोटे दिवे, लखलखताना दिसतील, चालकाच्या पुढ्यात मीटरही उजळलेला असेल, त्यामुळे दिवे चालू आहेत अशी त्याची पक्की समजूत. मागून मात्र तिच्यावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही. राखाडी डांबर, राखाडी भिंत आणि त्यात राखाडी गाडी. ब्रेक दाबला तेव्हाच कळतं की इथे कोणीतरी आहे.

बोगद्यातल्या दिव्यांचा सगळा मामला या एका गाडीत आला. "आत एवढा लख्ख उजेड आहे, मग हेडलाइट कशाला?" हा प्रश्न नेहमीचा आहे. रस्ता दिसण्यापुरतं बोलायचं तर तो बरोबरही आहे, कारण तुम्हाला दिसावं म्हणून बोगद्यात दिवे लावलेले असतातच. हेडलाइटचं बटण फिरवायचं ते टेललाइट पेटावेत म्हणून. बहुतेक गाड्यांमध्ये डीआरएल फक्त पुढे असतात आणि त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. पूर्वी अंधारात मीटर दिसेनासा झाला की हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जायचा. आता मीटर दिवसरात्र पेटलेला असतो, त्यामुळे ती आठवणही कोणी करून देत नाही.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 105 पुरेसा स्पष्ट आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही, दिवे लागलेले हवेत. पुढचं माणूस किंवा वाहन 155 मीटरवरून स्पष्ट दिसेल एवढा त्यांचा उजेड हवा. मागचा लाल दिवाही 155 मीटरवरून दिसला पाहिजे, आणि नंबर प्लेट 15 मीटरवरून वाचता आली पाहिजे. नियमात 'रात्र' असं म्हटलेलं नाही, 'पुरेसा उजेड नसेल तेव्हा' असं म्हटलं आहे. ज्या चुकीला वेगळं कलम नाही तिला मोटार वाहन कायद्याचं कलम 177 लागतं: पहिल्यांदा 500 रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर 1,500 पर्यंत. दंडाची रक्कम किरकोळ आहे. मागून कोणी येऊन आदळलं तर बंपर आणि डिकीचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो.

आत शिरण्याआधीची तयारी

उन्हातून बोगद्यात शिरताना तोंडाशी काळं भोक असल्यासारखं वाटतं. तो डोळ्यांचा दोष नाही. उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना कमी उजेडाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणूनच चांगल्या बोगद्यात सुरुवातीच्या पट्ट्यात दिवे दाटीने लावलेले असतात आणि आत जाल तसे विरळ होत जातात. रात्री हेच गणित उलटं होतं: बोगदा उजेडाचा आणि बाहेर अंधार, त्यामुळे रात्री जपायचं ते बाहेर पडताना.

ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. डोळे स्थिरावायला दोन सेकंद जरी लागले तरी तेवढ्यात गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. छोट्या आठ गाड्या एकामागोमाग एक उभ्या केल्या तर होईल तेवढं हे अंतर. म्हणून तयारी तोंडाशी पोहोचायच्या आत झालेली हवी. बोगद्याची पाटी दिसली की हे करून टाका:

गॉगल काढा. कपाळावर सरकवू नका, सरळ काढून ठेवा. आत गेल्यावर तो ओघळून नाकावर आला की एक हात स्टिअरिंगवरून सुटतो. रंग बदलणाऱ्या चष्म्याचं निराळं आहे. विंडस्क्रीन अतिनील किरणं बरीच अडवते, त्यामुळे गाडीत बसल्यावर तो फारसा काळा होत नाही. पण बाहेर उन्हात उभं राहून नुकतेच गाडीत बसला असाल, तर तो निवळायला काही मिनिटं लागतील हे लक्षात असू द्या.

मग दिव्याचं बटण. बऱ्याच गाड्यांत ते इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला फिरवायचं असतं, काहींत डॅशबोर्डवर उजव्या हाताला गोल नॉब असतो. त्याच्या साधारण तीन पायऱ्या असतात: बंद, पार्किंग, हेडलाइट. पार्किंगवर मागचे लाल दिवे पेटतात, पण पुढे नुसते मिणमिणते बल्ब लागतात, तेव्हा एक पायरी आणखी पुढे न्या. मीटरवर हिरवं चिन्ह दिसलं पाहिजे, दिव्यातून तिरप्या रेषा खाली जाणारं. निळं चिन्ह दिसत असेल तर अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा झोत लागलाय, तो खाली घ्या.

आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर तोंडाशी पोहोचायच्या आधीच वाढवा. अंधारात शिरताना बिचकून ब्रेक दाबणारा एक जण तरी असतोच, आणि तो नेमका आपल्या पुढे असतो.

ऑटो लाइटवर किती भरवसा ठेवायचा

कामापुरता. ऑटो म्हणजे विंडस्क्रीनच्या वरच्या भागात आरशाच्या मागे, किंवा काही गाड्यांत डॅशबोर्डवर काचेच्या बुडाशी, बसवलेला उजेड मोजणारा सेन्सर, जो अंधार झाला की दिवे आपोआप लावतो. तो फसतो ते असं.

एक तर तो लगेच प्रतिसाद देत नाही. प्रत्येक झाडाच्या सावलीत दिवे चालू-बंद होऊ नयेत म्हणून त्याला मुद्दाम थोडं थांबायला शिकवलेलं असतं. फ्लायओव्हरखालून जाताना ही सवय चांगली, पण बोगद्याच्या तोंडाशी तेच एकदोन सेकंद महत्त्वाचे. दुसरं, नव्या बोगद्यांत एलईडीचा उजेड इतका असतो की काही गाड्यांच्या सेन्सरला ते दिवसासारखंच वाटतं आणि दिवे लागतच नाहीत. डोळ्यांना पुरेसं दिसतं, सेन्सरलाही पुरेसं वाटतं, आणि मागच्याला मात्र तुमची गाडी दिसत नाही. तिसरं कारण आपल्याकडचं खास. फास्टॅगचा स्टिकर आरशामागे चिकटवायचा असतो आणि घाईत तो सेन्सरसमोरच डकवला जातो. सेन्सर झाकला गेला की दिवे भर उन्हातही पेटून राहतात, आणि मग वैतागून चालक ऑटो कायमचा बंद करून टाकतो. स्टिकर काढून पुन्हा चिकटवला तर टॅग निकामी होऊ शकतो, म्हणून सेन्सरची काळी खिडकी कुठे आहे ते आधी बघा आणि मग चिकटवा.

उपाय सोपा आहे. बोगदा आला की ऑटोवर न विसंबता नॉब हाताने हेडलाइटवर न्या.

दुचाकीवाल्यांना ही कटकट नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सोय सक्तीची झाली. इंजिन सुरू तिथे दिवा सुरू. अर्थात किनारी रस्त्यावर आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दुचाकींना मुळात बंदीच आहे. जुनी दुचाकी घेऊन मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याने मात्र कशेडीच्या बोगद्याआधी बटण आठवणीने दाबावं.

अप्पर नको, डिपरच

डिपर म्हणजे खाली झुकलेला झोत. अप्पर-डिपरचं शास्त्र ट्रकवाल्यांनी मागच्या फळीवर 'युज डिपर ॲट नाईट' असं रंगवून केव्हाच सांगून ठेवलं आहे. बोगद्यात ते दिवसाही लागू. किनारी रस्ता काय किंवा एक्स्प्रेस-वे काय, दोन्ही दिशांना वेगळे बोगदे आहेत, समोरून कोणी येत नाही. म्हणून अप्पर चालेल असं वाटतं. पण तुमचा अप्पर पुढच्या गाडीच्या तिन्ही आरशांतून सरळ चालकाच्या डोळ्यांत जातो. बाहेर मोकळ्यावर तो उजेड निम्मा आभाळात तरी विरतो. इथे फिकट भिंती आणि घुमटाकार छत तो परत रस्त्यावर टाकतात. पुढचा चालक आरसा वळवतो किंवा डोळे बारीक करतो, आणि तुमच्याच पुढे चालणाऱ्याला नीट दिसेनासं होतं. यात तुमचा काय फायदा?

कामासाठी एखादा बोगदा बंद ठेवून एकाच बोगद्यातून दोन्हीकडची वाहतूक सोडलेली असेल तर अप्पर सरळ धोक्याचा आहे. ओव्हरटेकसाठी डिपर मारणं, म्हणजे क्षणभर अप्पर चमकवणंही आत टाळा. बोगद्यात ओव्हरटेक करायचं नाही, मग ते मागायचं तरी कशाला? पिवळे फॉगलॅम्पही बोगद्यात निरुपयोगी. मागचा लाल फॉगलॅम्प तर चुकून लागलेला नाही ना हे मुद्दाम तपासा. तो ब्रेकलाइटइतका प्रखर असतो, त्यामुळे तुम्ही ब्रेक दाबला की नाही हे मागच्याला ओळखू येत नाही.

चारही इंडिकेटर कधी लावायचे

पावसाची सर आली की मुंबईत अर्धे लोक चारही इंडिकेटर लावून गाडी हाकतात. बोगद्यात शिरल्यावरही काहींचा हात तिकडेच जातो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लागले की लेन बदलण्याचा इशारा देताच येत नाही, आणि मागच्याला वाटतं की गाडी बंद पडली. तो घाबरून बाजूला काढायला जातो. दिसण्याचं काम टेललाइट करतात, ते लावा.

चौघांचा योग्य उपयोग दोनच ठिकाणी आहे. पुढे रहदारी अचानक थांबली आणि रांगेत शेवटचे तुम्ही आहात, तेव्हा मागून कोणीतरी येऊन थांबेपर्यंत ते चालू ठेवा. तो थांबला की बंद करा, मग त्याची पाळी. आणि दुसरं, गाडी खरोखर बंद पडली तर.

बंद पडायला लागलेली गाडी जमेल तेवढी पुढे चालवत न्या. बोगद्याबाहेर निघता आलं तर सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तर डावीकडे, आपत्कालीन थांब्याची जागा असेल तिथे, नाहीतर भिंतीला लागून. चारही इंडिकेटर आणि हेडलाइट दोन्ही चालू ठेवा, इंजिन बंद करा. उतरायचं ते भिंतीच्या बाजूच्या दारातून. त्रिकोण मागे ठेवायला बोगद्यातल्या लेनमधून उलटं चालत जाऊ नका. बाहेरच्या रस्त्यावर जी शहाणपणाची गोष्ट ती इथे जीवावर बेतते. भिंतीवरच्या आपत्कालीन फोनवरून नियंत्रण कक्षाला कळवा. तिथे तुमची जागा आपोआप कळते आणि लेन बंद असल्याची खूण मागच्या फलकांवर लावता येते. फोन सापडला नाही तर 112. धूर दिसला तर गाडीचा मोह सोडा, चावी आतच राहू द्या आणि हिरव्या पाट्यांच्या दिशेने, दोन बोगद्यांना जोडणाऱ्या आडव्या मार्गाकडे चालू पडा. चावी यासाठी की नंतर अग्निशमन दलाला गाडी हलवावी लागते.

नुसत्या वाहतूक कोंडीत अडकलात तर मागचे दिवे मुळीच बंद करू नका. बराच वेळ थांबावं लागणार असं दिसलं तर इंजिन बंद करा, दिवे पार्किंगवर आणा. एसी बाहेरची हवा घेत असेल तर तो आतली हवा फिरवण्यावर टाका.

पावसाळ्यातली काच

जुलैमध्ये एक गंमत होते. बाहेर धो-धो पाऊस, एसी फुल्ल आणि त्याचा झोत काचेवर. काच बर्फासारखी गार झालेली. अशी गाडी बोगद्यातल्या उबदार, दमट हवेत शिरली की एका श्वासात काच पांढरी. चालक आतून फडक्याने पुसायला लागतो आणि काही फरक पडत नाही, कारण वाफ बाहेरून धरलेली असते. वायपरचा एक फटका मारा, लगेच साफ होते. मग झोत काचेवरून पायांकडे वळवा आणि तापमान दोनतीन अंशांनी वाढवा. वायपरने गेली नाही तर ती आतली वाफ. तेव्हा उलट करा, एसी चालू ठेवून झोत काचेवर आणा. शंका असेल तर बोट फिरवून बघा: आतून रेघ उमटली तर वाफ आतली.

काचेवरची वाफ आणि मागच्याचा अप्पर एकत्र आले की पुढचं काहीच दिसत नाही. पावसाळ्यात बोगद्याच्या पाटीपाशीच दिव्यांबरोबर काचेचंही बघा. बाहेर पडताना तोंडाशी पाण्याचा पडदा असतो, तेव्हा वायपर आधीच मधल्या वेगावर असू द्या.

सोसायटीच्या भिंतीवर पाच मिनिटं

दिवे लावले तरी ते लागतात का, हे चालकाला आतून कळत नाही. रात्री पार्किंगमध्ये गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघा. पार्किंग लावलं की दोन सारखे डाग दिसायला हवेत. ब्रेक दाबला की दोन्ही एकदम उजळायला हवेत. एकच डाग वाढला तर एका बाजूचा ब्रेकबल्ब गेला.

साध्या बल्बच्या गाड्यांत मागे बहुधा 21/5 वॅटचा दोन तारांचा बल्ब असतो: 5 वॅटची तार टेललाइटची, 21 ची ब्रेकची. यातली एकच जाऊ शकते. ब्रेकलाइट लागतो म्हणून टेललाइटही ठीक असेल असं धरून चालू नका. बल्ब फिरवून काढायचा. त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवला तर टेललाइट भगभगीत जळतो आणि ब्रेक लावल्यावर फरकच दिसत नाही.

मुंबईत बल्ब जाण्यापेक्षा होल्डर सडण्याचं प्रमाण जास्त. खारी हवा आणि चार महिने पाऊस, यामुळे अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. लक्षण ओळखीचं आहे: ब्रेक दाबला की टेललाइट मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा लुकलुकतो. बल्ब बदलून हे जात नाही. बॅटरीची तार सोडा, पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, वर पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा. दिव्याच्या काचेत पाण्याचे थेंब दिसले तर गॅसकेट गेलं आहे. नुसतं पुसून ते पुन्हा भरेल.

आता गाडी वळवून पुढचे दिवे. सपाट जागेवर भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा, नेहमीची माणसं आत बसलेली असावीत. डिपर लावल्यावर भिंतीवर उजेडाची वरची कड दिसते. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खडूने खूण करा; कड तिच्यापासून साधारण 5 सेंटीमीटर खाली हवी. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते म्हणून कड डावीकडे वर चढलेली असते, उजवीकडे सपाट राहते. कड खुणेच्या वर असेल तर डिपरसुद्धा अप्परसारखा टोचतो. डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं चाक असेल तर मागच्या सीटवर आणि डिकीत जितकं वजन जास्त तितका आकडा वाढवायचा. 0 म्हणजे पुढे एकदोन माणसं, मागे काही नाही. गणपतीला गावी निघालेली भरगच्च गाडी 0 वर ठेवली की नाक वर जातं आणि कशेडीपर्यंत पुढच्या प्रत्येकाला ती आंधळं करत जाते.

नियम 106 नुसार पुढचा दिवा असा खाली झुकलेला हवा की त्याच्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झळ बसू नये. वेगळं उपकरण लागत नाही. दहा पावलं पुढे जाऊन किंचित वाकून उभं राहा, डोळ्यांवर हात नेण्याची वेळ आली तर दिवा वर आहे.

बाजारातले स्वस्त पांढरे एलईडी बल्ब इथेच नापास होतात. साध्या हॅलोजनच्या वाटीत तार जिथे असायला हवी नेमक्या त्या जागी एलईडी बसत नाही, कड फिसकटते आणि उजेड सगळीकडे सांडतो. जास्त वॅटचा हॅलोजन टाकणं आणखी वाईट. 12 व्होल्टवर 55 वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, 100 वॅटचा आठ अँपिअरच्या वर. तारा आणि होल्डर पहिल्या आकड्यासाठी बनवलेले असतात. आधी होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं.

बाहेर पडल्यावर

किनारी रस्त्याचा बोगदा 2.07 किलोमीटरचा आणि आत वेगमर्यादा 60, म्हणजे दोन मिनिटांत बाहेर. वरळीकडे जाताना संध्याकाळी प्रियदर्शनी पार्कशी बाहेर आलात की सूर्य डावीकडे समुद्रावर असतो आणि तिरपा डोळ्यांवर येतो. सनशेड आधीच डावीकडे अर्धा खाली घेऊन ठेवा. गॉगल लावण्याची घाई करू नका, डोळे आधी निवू द्या. दिवे तोंडातून बाहेर पडता पडता नव्हे, पूर्ण उजेडात आल्यावरच बंद करा, कारण तुमच्या मागचा अजून आत आहे.

एक्स्प्रेस-वेवर तर बंद करण्याच्या भानगडीतच पडू नये. पुण्याकडे निघाल्यावर भाताण, माडप, मग घाटातले आणि पुढे कामशेतचे, असे एकामागून एक बोगदे लागतात. प्रत्येक वेळी चालू-बंद करायला गेलात तर एखादा विसरणार. कळंबोलीला लावा, पुण्यात बंद करा. समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरीच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यालाही हाच कित्ता.

बॅटरी उतरेल ही भीती इंजिन चालू असेपर्यंत निराधार आहे. दोन डिपर आणि बाकीचे छोटे बल्ब मिळून 130 वॅटच्या आसपास जातात, तेवढं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारं यंत्र, सहज पुरवतं. उतरते ती गाडी उभी केल्यावर. इंजिन बंद करून तेच दिवे चालू राहिले तर जवळजवळ 11 अँपिअर ओढले जातात, आणि 35 अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत रिकामी होते. त्याआधीच स्टार्टर नुसता टकटक करायला लागतो. ऑटोवर न ठेवता हाताने दिवे लावायची सवय लागली की दार उघडताना वाजणाऱ्या बझरकडे कान ठेवा. जुन्या गाडीत बझर नसेल तर पार्क केल्यावर समोरच्या भिंतीवर उजेड पडलाय का, एवढं बघून उतरा.